भारी ग्राफिक्स कार्ड असताना वेगळं एसडीआय आउटपुट कार्ड कशाला?

ग्राफिक्स कार्डाचं एचडीएमआय थेट मॉनिटरला जोडून रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये कलर करतोय, मग डेकलिंक (ब्लॅकमॅजिक कंपनीचं कार्ड; एसडीआय म्हणजे टीव्ही स्टुडिओत वापरतात त्या केबलवरून व्हिडिओ सिग्नल देतं) कशाला, असं तुम्ही विचारलंय. माल चॅनेलला किंवा ओटीटीला जाणार असेल तर घ्याच. नुसतं यूट्यूब असेल तर सध्या पैसे वाचवा.

ग्राफिक्स कार्डाचं काम डेस्कटॉप दाखवण्याचं. त्या वाटेवर ऑपरेटिंग सिस्टिमचं कलर मॅनेजमेंट आणि ड्रायव्हर, दोघंही चित्रात हात घालतात. नेहमीचा घोळ रेंजचा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कोणते आकडे धरायचे याचा. ८ बिट व्हिडिओत काळा १६ वर, पांढरा २३५ वर. कॉम्प्युटरला सवय ० ते २५५ ची. ड्रायव्हर एक धरून बसला आणि मॉनिटर दुसरं, की काळे धुरकट दिसतात. तुम्ही ते ग्रेडमध्ये, म्हणजे रंग-उजेड ठरवताना, दाबता आणि क्लायंटकडे सावल्यांतलं डिटेल गायब!

मग फ्रेम रेट. आपलं टीव्हीचं काम २५ फ्रेमचं आणि मॉनिटर बहुधा ६० हर्ट्झवर. भाग पूर्ण जात नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. वर सरकणारी श्रेयनामावली लावून बघा, अडखळेल. हा दोष फाइलमधला की पडद्यावरचा, हेच कळत नाही. १०८०आय५० (इंटरलेस्ड एचडी, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांत, फील्डमध्ये, जाते) द्यायचं असेल तर आणखी पंचाईत, कारण फील्ड उलटी पडलेली कॉम्प्युटरच्या पडद्यावर सहज निसटतात. आउटपुट कार्ड प्रोजेक्टच्याच फ्रेम रेटने, इंटरलेस्ड असेल तर तसाच, १० बिट सिग्नल बाहेर काढतं.

इनपुट, म्हणजे बाहेरून व्हिडिओ आत घेण्याची सोय, खरंच हवंय का ते आधी ठरवा; फक्त आउटपुटचं कार्ड बरंच स्वस्त पडतं, उरलेले पैसे मॉनिटरवर घाला. टेपा उतरवायच्या असतील तर इनपुट लागेलच. पण एचडी, २५ फ्रेम, १० बिट ४:२:२ (रंगाची माहिती निम्मी ठेवलेलं) अनकॉम्प्रेस्ड म्हणजे सेकंदाला १३८ एमबी, तासाला ५०० जीबीच्या घरात. सरळ प्रोरेसमध्ये (ॲपलचा दाबून लहान केलेला एडिटिंग फॉरमॅट) घ्या.

केबल ७५ ओहमचीच घ्या. ५० ओहमची बीएनसी (एसडीआयला लागतो तो फिरवून अडकवायचा गोल कनेक्टर) केबल दिसायला तशीच असते, पण १२जी एसडीआयवर (४केसाठीचा वेगवान एसडीआय) चित्रात ठिपके चमकायला लागतात किंवा सिग्नलच जातो. रिझॉल्व्हला ब्लॅकमॅजिकचीच कार्डं चालतात. प्रीमियर किंवा एव्हिड ही एडिटिंग सॉफ्टवेअरं असतील तर एजेए या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांचाही पर्याय आहे. आणि ऑर्डर करण्याआधी कॅबिनेट उघडून बघा, जाडजूड ग्राफिक्स कार्डाखाली तुमचा एक्स-४ स्लॉट (मदरबोर्डवरची, हे कार्ड बसवायची खाच) झाकला गेलेला नाही ना.