कोट आगीपुरताच घाल

चि. पोरी,

अकॅडमी संपली, आता तिथेच मॅसॅच्युसेट्समध्ये फायर स्टेशनवर रुजू होणार, हे आईकडून कळलं. फार आनंद झाला. आगीत शिरताना घालायचा कोट घातलेला तुझा फोटोही पाहिला आणि जन्मभर कापडाच्या फिनिशिंगमध्ये काम केलेलं असल्यामुळे लिहिल्यावाचून राहवेना.

तो कोट तीन थरांचा असतो. बाहेरचं कापड ज्वाळा झेलतं, आतलं अस्तर उष्णता अडवतं. मधला पातळ पडदा पाणी आत येऊ देत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर सोडतो. तो बहुधा टेफ्लॉनच्या जातीचा असतो. शिवाय बाहेरच्या कापडावर पाणी-तेल न धरणारं फिनिश असतं. पीएफएएस म्हणजे फ्लोरिन असलेली मानवनिर्मित रसायनं येतात ती या दोन्हींतून, आणि ती सहजी नष्ट होत नाहीत. तुझ्याच राज्यातल्या वूस्टरच्या डायन कॉटर यांनी, अग्निशामक नवऱ्याला प्रोस्टेटचा कर्करोग झाल्यावर, या कोटात आहे तरी काय हा प्रश्न लावून धरला. नोत्र दाम विद्यापीठाच्या ग्रॅहम पीसली यांनी कापड तपासलं आणि त्यात पीएफएएस सापडल्याचे निष्कर्ष 2020 साली छापले. त्या बाईंच्या चिकाटीला माझा नमस्कार. पुढे सरकारी प्रयोगशाळेलाही दिसलं, की कापड घासलं, तापलं की त्यातून निघणारं पीएफएएस बरंच वाढतं. म्हणजे जुना, झिजलेला कोट जास्त जपून हाताळायचा.

कर्करोग कोटामुळेच होतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. धूर आणि काजळी आहेतच. म्हणून आगीत शिरताना चेन गळ्यापर्यंत लाव, तिथे कसूर नको. पण परेडला, शाळेतल्या कार्यक्रमाला, साध्या वैद्यकीय कॉलला स्टेशनचा गणवेश पुरे. कोट झोपायच्या खोलीत नको, गाडीत उघडा नको, घरच्या मशीनमध्ये तर मुळीच नको. हाताळलास की जेवायच्या आधी साबणाने हात धू.

तुमच्याकडे 2024 साली कायदा झालाय. कोटात पीएफएएस असेल तर विक्रेत्याने 2025पासून तसं लेखी कळवायचं, आणि 1 जानेवारी 2027पासून मुद्दाम पीएफएएस घातलेला कोट विकायचाच नाही. तुझ्या मापाचा कोट येईल तेव्हा तो कागद माग. नवीन आहेस म्हणून संकोचू नकोस, युनियनच्या माणसाला सोबत घे. आतल्या लेबलचा फोटो मला पाठव, थरांची नावं वाचून काय ते कळवतो.

तुझा,
काका