थंडीतला सुट्टीचा दिवस आणि घरात दोन मुलगे

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगे चार आणि सात वर्षांचे, बाहेर गारठा, सर्दी होईल म्हणून सुट्टीच्या दिवशी घरातच ठेवता आणि अकरा वाजेपर्यंत मारामारी, रडारड, मग शेवटी टीव्ही. माझ्याकडेही तीन वर्षांच्या अंतराचे दोघं आहेत, आता जरा मोठे झालेत, पण ते दिवस अगदी लख्ख आठवतात.

माझं स्पष्ट मत, सकाळी ऊन आलं की त्यांना बाहेर काढा, बाकी सगळं नंतर. सर्दी व्हायरसने होते, नुसत्या गार हवेने नाही, आणि दारं-खिडक्या लावून सगळे एका खोलीत बसलो की एकाची दुसऱ्याला उलट लवकर लागते. तासभर मनसोक्त पळू द्या. जागतिक आरोग्य संघटना तर तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला १८० मिनिटं हालचाल हवी म्हणते, त्यातली ६० तरी चांगली दमवणारी, आणि पाचच्या पुढे रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी. घरात सोफ्यावरून उड्या मारून एवढं कुठे होणार, आणि आपण तिथेही ओरडतोच ना.

कपड्यांचं मात्र नीट बघा. एकच जाडजूड जॅकेट चढवण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला, मधे जी हवा अडकते तीच ऊब धरते, आणि पळून गरम झालं की वरचा एक काढता येतो. सुती बनियन घामाने भिजलं की लवकर वाळत नाही आणि थांबल्यावर अंग गार पडतं, म्हणून घरी आल्या आल्या आतला कपडा बदलायचा. हात लावून बघायचं तर मानेच्या मागे कॉलरच्या आत बोटं घाला, मुलांचे तळवे तसेही गार लागतात, त्यावरून काही कळत नाही. मान ओली असेल तर कपडे जास्त झालेत, गार असेल तर कमी पडलेत. ओले मोजे हीटरवर वाळत टाकू नका प्लीज, हीटरपासून कपडे, पडदे, पांघरुणं सगळं कमीत कमी एक मीटर लांब.

दुपारी दोघांना वेगवेगळं बसवा, हे मला फार उशिरा सुचलं. एकदा आमचा धाकटा खिडकीच्या काचेवर हाः करून वाफ धरायचा आणि बोटाने ट्रक काढायचा, मोठा शेजारी उभा राहून बाहीने पुसायचा, परत वाफ, परत ट्रक, परत पुसलं, आणि मग जे रडणं सुरू झालं ते अर्धा तास थांबेना. मोठ्याला रागावलो मी, पण खरं तर दोघंही पेंगुळले होते. तेव्हापासून जेवणानंतर धाकटा झोपतो आणि मोठा टेबलाखाली चादरीच्या तंबूत टॉर्च घेऊन एकटाच खेळतो, त्यालाही तो एकांत हवाच असतो. टीव्ही संध्याकाळी, धाकट्याला तासाच्या आतच.

आणि उद्यापासूनच करायचं असेल तर टोप्या, मोजे आज रात्रीच दाराशी काढून ठेवा. सकाळी एक मोजा सापडत नाही म्हणून जी शोधाशोध होते ना, त्यातच ऊनही जातं आणि पोरांचा मूडही.