नमपायमध्ये (NumPy, पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) स्लाइस, म्हणजे अ‍ॅरेचा (आकड्यांच्या रांगेचा) कापून घेतलेला तुकडा, बदलला की मूळ अ‍ॅरे पण का बदलतो?
तुम्ही ठाण्याच्या वर्षभराच्या पावसाचे ३६५ आकडे घेतले, १५१:१८१ करून जून काढला, त्यातले चुकीचे उणे आकडे शून्य केले आणि मूळ अ‍ॅरेत पण शून्यच दिसतायत, बरोबर? हा बग नाहीये. पायथनच्या लिस्टचा स्लाइस नवी लिस्ट देतो, पण नमपायचा स्लाइस म्हणजे व्ह्यू, मेमरी तीच, फक्त सुरुवात कुठून आणि किती पावलं टाकायची एवढंच वेगळं. आणि ते फार विचार करून केलंय हो, एक कोटी फ्लोट६४ (प्रत्येकी ८ बाइटचे दशांश आकडे) म्हणजे ८० एमबी, प्रत्येक स्लाइसला कॉपी झाली असती तर साधा लॅपटॉप बसलाच असता.

म्हणून जून काढतानाच शेवटी .कॉपी() (कोडमध्ये .copy()) लावा, काम झालं. मात्र मास्क लावून, म्हणजे अट देऊन, पाऊस[पाऊस>१००] असं काढलंत तर तिथे कॉपीच मिळते, इथेच सगळे गोंधळतात. शंका आली की जून.बेस (.base) बघा, नन (None) आलं तर अ‍ॅरेची मेमरी स्वतःची. मी घणसोलीहून ठाण्याला ट्रेनने येता येता असाच एक प्रोजेक्ट दुरुस्त केलाय, दोन दिवस शोधत होतो आणि चूक एका ओळीत निघाली.