‘माझ्यामुळे बुडाले’

“मॅडम, फोन वाजला की पोटात गोळा येतो.” बाजार पडला की हे वाक्य माझ्याकडे येतंच. माणसं बदलतात, वाक्य तेच. विमा एजंट आणि म्युच्युअल फंड वितरकांना आधार देण्याचं काम मी वीसेक वर्षं करते आहे. 2008 मध्ये हेच ऐकलं, 2020 मध्येही. त्यातलाच एक अनुभव, ओळख पुसून सांगते.

23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात 3,935 अंकांनी कोसळला आणि दोन दिवसांत देशभर टाळेबंदी लागली. त्याच आठवड्यात सांगलीकडच्या एका वितरकाचा फोन आला. चाळिशीतला गृहस्थ, निम्मे ग्राहक नात्यातले. त्यांचे फोन घेणंच त्याने बंद केलं होतं. सगळ्यात जास्त टाळत होता सख्ख्या मामांना. मामांच्या निवृत्तीचे पैसे त्याच्याच सांगण्यावरून स्मॉलकॅप फंडात, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या जास्त चढउतार होणाऱ्या शेअर्समध्ये, गेले होते.

“माझ्यामुळे लोकांचे पैसे बुडाले.”

“बाजार काय तुझ्या हातात आहे?” हे घरच्यांनी सांगून झालं होतं. उपयोग शून्य. मी उलट्या बाजूने शिरले.

“2017 साली सेन्सेक्स 28 टक्क्यांच्या आसपास चढला. तेव्हा लोकांना काय सांगत होतात?”

बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज. मग तो चक्क हसला. “स्टेटस ठेवायचो, मॅडम. बघा, आपल्या ग्राहकांनी किती कमावले!”

“म्हणजे बाजार चढवला तुम्हीच?”

“हो की. मग आता पाडला पण मीच.”

इतक्या वर्षांत अशा जागा थोड्याच सापडल्या, आणि ही मला अजून आवडते. तेव्हा उधार घेतलेलं श्रेय आता व्याजासकट फेडणं चाललं होतं. मी विवेकनिष्ठ विचारांची. घडलं काय, यापेक्षा त्यावर माणूस स्वतःशी काय बोलतो ते मी ऐकते. हा म्हणत होता, ‘माझ्या ग्राहकाला फायदा झालाच पाहिजे.’ त्यातला ‘च’ सुटायला पुढचे चार फोन लागले.

पण सगळीच टोचणी खोटी नव्हती. मामांना हे पैसे तीन वर्षांत लागणार होते. ते स्मॉलकॅपमध्ये टाकणं ही बाजाराची नव्हे, याची चूक. कायद्याने हे लोक वितरक, म्हणजे फंड विकणारे. सल्लागार म्हणवून घ्यायला सेबीची, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाची, वेगळी नोंदणी लागते. पण मामा भाच्याकडे सल्लाच मागतात ना! म्हणून मी कागदावर मधोमध रेघ मारायला लावते: इकडे बाजाराचं, तिकडे माझं. दुसऱ्या बाजूला काही लिहिलं गेलं, तर ते ग्राहकासमोर तोंडाने कबूल करायचं. फोन आपण आधी करायचा. आजची रक्कम पहिल्याच वाक्यात सांगायची. पुढच्या वर्षभरात किती पैसे लागणार ते विचारायचं आणि तेवढे लिक्विड फंडात, म्हणजे कमी चढउताराच्या, लगेच पैसे काढता येणाऱ्या फंडात, हलवायचं बोलायचं. ‘येईल हो वर’ हे मात्र अजिबात म्हणायचं नाही. पुन्हा उधारी सुरू होते.

शेवटी त्याने मामांना फोन लावला. आकडा सांगितला, चूक सांगितली.

मामा म्हणाले, “आकडा टीव्हीवर दिसतो रे. तू फोन का घेत नाहीस तेच कळेना. कोरोना-बिरोना झाला की काय, म्हणून मामी रोज विचारतेय.”