पवनचक्क्यांच्या जागेवरील पीट: नवोदितांसाठी काही सूचना

स्कॉटलंडमधील पवनऊर्जा प्रकल्पावर पीटच्या (पाणथळ जमिनीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या कार्बनयुक्त थराच्या) देखरेखीचे काम तुम्ही हाती घेत असाल, तर पवनचक्क्यांच्या जागा पक्क्या होण्यापूर्वीच पीटची खोली मोजून घेण्याचा आग्रह धरा. तेथे 50 सेंटिमीटरहून जाड थर खोल पीट मानला जातो. रस्ता थोडा सरकवून जे पीट उकरणे टळते, तेच माझ्या मते सर्वोत्तम संवर्धन होय.

उकरावे लागलेच, तर वनस्पती आणि मुळांसह वरचा थर वेगळा काढून, हिरवी बाजू वर ठेवून ओलसर जपावा आणि खालचे काळे, लिबलिबीत पीट त्यात मिसळू देऊ नये. हे खालचे पीट पुनर्स्थापनेच्या नावाखाली उघड्यावर पसरण्याचा मोह कंत्राटदारांना होतो. परंतु ते वाळते, त्यातील कार्बन हवेत जातो आणि ती निव्वळ विल्हेवाट ठरते. उतारावर ढीग तर मुळीच नकोत. आयर्लंडमधील डेरीब्रायन येथे ऑक्टोबर 2003 मध्ये बांधकाम चालू असताना पीटचा उतार घसरला, नदीतील मासे मेले, आणि त्या प्रकल्पाच्या पर्यावरणीय मूल्यांकनाअभावी युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये आयर्लंडला 50 लाख युरोंचा दंड ठोठावला.

पुढचे सारे काम पाण्याचे आहे. पाणी काढून देण्यासाठी खणलेल्या जुन्या चरांत पीटचेच बांध घालावेत, उतार जास्त तेथे ते जवळजवळ असावेत. पाणी पृष्ठभागाशी टिकले, तरच स्फॅग्नम हे पीट घडवणारे शेवाळ परतते. पाण्याच्या पातळीच्या नोंदी मात्र कोरड्या उन्हाळ्यातही घ्याव्यात, कारण पावसाळी आठवड्यात प्रत्येक बांध यशस्वीच दिसतो.