गाण्याचे शब्द भलतेच ऐकू येतात, यात माझी चूक आहे का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या सहलीत अंताक्षरी खेळताना एका गाण्यात तुम्ही भलताच शब्द म्हटलात, सगळी बस हसली, आणि तेव्हापासून तुम्ही चारचौघांत गाणं सोडलंय. शब्द असे का ऐकू येतात आणि बरोबर शब्द कुठे बघायचे, हा प्रश्न. मी इथे फारसं लिहीत नाही, पण 'गाणं सोडलंय' हे वाचून राहवलं नाही.

तुमची चूक नाही. कानाला नुसता आवाज मिळतो, शब्द आपण लावतो, आणि लावताना ओळखीचाच हाताला लागतो. गणपतीच्या आरतीतल्या 'फणिवरबंधना'चं घरोघरी 'फळीवर वंदना' होतं, ते उगाच नाही. त्याच कडव्याच्या शेवटी 'सुरवरवंदना' आहे, म्हणजे वंदना कानात बसलेली. आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात देव खरोखरच फळीवर असायचे. लहान मुलाने दुसरं काय ऐकावं?

आता माझ्या आईचं सांगते.

आम्ही शनिवार पेठेत वाड्यात राहायचो. दोन खोल्या, माणसं सात. आईची एक वही होती, पुढून दूध-किराण्याचा हिशेब आणि उलटी केली की गाणी. ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरात मांडणीवर. विविध भारतीवर आवडतं गाणं लागलं की आई कणकेचे हात पदराला पुसून पेन्सिल घ्यायची. गाणं मागे नेता यायचं नाही. मिळेल तेवढं लिहायचं, राहिलेल्या जागी टिंबं द्यायची आणि ते गाणं पुन्हा लागायची वाट बघायची. दोन दिवसांनी लागेल, नाहीतर दोन महिन्यांनी. काही ओळींत तीन वेळचं लिखाण दिसतं, आधी फिकट पेन्सिल, मग गडद, शेवटचा शब्द शाईच्या पेनने.

शेजारी पंपाचा स्टोव्ह सतत फरफरत असायचा. स, श, त, थ ही अक्षरं ज्या बारीक आवाजावर ओळखू येतात, नेमका तोच आवाज अशा फरफरीत बुडतो. मीडियम वेव्हच्या रेडिओवर वरच्या पट्टीतले बारीक आवाज मुळातच कमी पोचतात. त्यात गाताना स्वर लांबतात, व्यंजनं चिमटीएवढी उरतात. एवढ्या सगळ्यातून आई शब्द वेचत होती.

त्या वहीत 'अजीब दास्ताँ है ये, कहाँ शुरू कहाँ खतम' हे १९६० सालचं शैलेंद्रचं गाणं आहे. आईने लिहिलं होतं, 'अजीब दासता है ये'. लग्नाआधी तिने राष्ट्रभाषेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. तिचं हिंदी त्या पुस्तकांतलं, संस्कृत वळणाचं. 'दासता', म्हणजे गुलामगिरी, हा शब्द तिला माहीत होता, 'दास्ताँ' कधी भेटलाच नव्हता. आणि दोन्हींत फरक केवढा, तर शेवटच्या नाकातल्या स्वराचा. आपल्या प्रमाण मराठीत तो स्वर उरलेला नाही. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या नियमांनी लिहिण्यातूनही गेले. मराठी कान ते नाकातलं सोडूनच देतो.

माझा दादा तेव्हा अकरावीत होता, मी बारा वर्षांची. त्याने एके दुपारी लाल पेन घेऊन ती वही तपासली. पानंच्या पानं. चूक शब्दावर काट, वर बरोबर शब्द, बाजूला अर्थ. 'दास्ताँ = गोष्ट' असं अजून आहे तिथे. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्याच आठवड्यात कोजागिरी होती. वाड्याच्या अंगणात सगळी बिऱ्हाडं जमली, आईला आग्रह झाला, तिने तेच गाणं धरलं आणि सवयीने 'दासता' म्हणाली. दादाने तिला मध्येच थांबवून सगळ्यांना सांगितलं, हिने वहीत काय काय लिहिलंय ते. लोक हसले. आई म्हणाली, "दूध उतू जाईल," आणि आत गेली. दूध केव्हाच खाली उतरवलेलं होतं.

त्यानंतर वहीत एकही गाणं नाही. हिशेब पुढे वर्षभर आहेत.

दादाचं म्हणणं आजही एकच, की नीट लक्ष देऊन ऐकलं तर शब्द कळतातच, त्याला गीतरामायण अक्षर न् अक्षर पाठ आहे. अरे, ते पाठ असणारच! १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक अशी ५६ गाणी आली आणि नव्या गाण्याचे शब्द पुण्याच्या वर्तमानपत्रांत छापून यायचे. पुढे पुस्तक निघालं, ते बाबांनी घेतलेलं होतं. दादा पुस्तक मांडीवर घेऊन शिकला. आईच्या हातात काय होतं? एक पेन्सिल.

आणि 'दासता' तिला खरा का वाटला, हे दादाने कधी विचारलं नाही. मी विचारलं, खूप वर्षांनी. म्हणाली, "मला ते बाईच्या कामाचंच गाणं वाटायचं गं. कुठे सुरू होतं, कुठे संपतं, कळतच नाही." पहाटे नळाचं पाणी भरण्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत तिचा दिवस मी पाहिलाय. तिने ऐकलेली ओळ तिच्यापुरती पूर्ण होती.

इंग्रजीत अशा चुकीच्या ऐकण्याला 'मॉन्डेग्रीन' म्हणतात. सिल्व्हिया राइट या लेखिकेने १९५४ साली हा शब्द काढला. लहानपणी तिची आई तिला एक जुनं स्कॉटिश कथागीत वाचून दाखवायची, त्यात मारलेल्या सरदाराला 'लेड हिम ऑन द ग्रीन', म्हणजे हिरवळीवर ठेवलं, असं होतं, त्याचं हिने 'लेडी मॉन्डेग्रीन' ऐकलं, म्हणजे त्या मेलेल्या सरदाराबरोबर एक बाईही मेली असं ती धरून चालली. मोठेपणी ती ठासून म्हणाली की असे शब्द मूळ शब्दांपेक्षा सरस असतात. मी इतकं म्हणणार नाही. शैलेंद्रने 'दास्ताँ' लिहिलंय, तेच बरोबर. स्टेजवर गाणार असाल, कुठे छापणार असाल, तर शब्द तपासलेच पाहिजेत, तो कवीचा हक्क आहे. शब्दापुरता दादा बरोबर होता, हे मान्य.

मराठी गाण्यांसाठी 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ बघा. हिंदीसाठी एकाच ठिकाणी विसंबू नका, लोक एकमेकांच्या चुका तशाच उतरवतात. उर्दू शब्द अडला तर कोशात बघा. आणि हो, साध्या बोलण्यातही स-श गाळले जात असतील, तर कान तपासून घ्या. वयाने आधी तेच आवाज जातात.

पण त्या बसमधल्या लोकांसाठी गाणं सोडू नका. आई आता ८४ वर्षांची आहे. कोथरूडला माझ्याकडेच असते. भाजी निवडताना अजून गुणगुणते, चाल अगदी पक्की, जागा सगळ्या बरोबर. फक्त शब्द घेत नाही. मी मुद्दाम शेजारी बसून शब्द म्हणते, तरी ती नुसती चालच म्हणत राहते.

गेल्या दिवाळीत दादाने वही मागितली, नातवंडांना दाखवायला. वही मिळणार नाही. झेरॉक्स काढून देईन.