एडिसनला येण्याआधी: राजकारणाबद्दल विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न असा होता: नाशिकहून एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, एडिसन, न्यू जर्सीला निघालोय, सोबत बायको आणि दुसरीतली मुलगी. तिकडचे घोटाळे, दोन पक्षांची हाणामारी, मधूनच सरकार बंद पडणं हे रोज बातम्यांत दिसतं. आपल्यासारख्याला त्याची झळ किती, आणि त्यात आपण काय करायचं, काय नाही?

व्हिसाची फी, मुलाखत, सोशल मीडियाची खाती उघडी ठेवण्याचा नवा नियम हे सगळं सरकारी पानांवर आहे. नव्या एच-१बी अर्जावर लाख डॉलर लावणाऱ्या २०२५च्या सप्टेंबरातल्या आदेशाचं कंपनीचा वकील बघेल. मी त्यात पडत नाही. एकच गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. इथे तुम्हाला मत नाही, आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग बघता पुढची कित्येक वर्षं नसेल. कर मात्र पहिल्या पगारापासून. मत नसलेल्या माणसाला इथे काही दारं सताड उघडी आहेत आणि दोन-तीन दारं अशी आहेत की चुकून पाय पडला तर थेट देशाबाहेर. कुठलं दार कुठलं, हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

न्यू जर्सीला येताय तर घोटाळ्यांची कमतरता भासणार नाही. २०१३च्या सप्टेंबरात जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर फोर्ट ली गावासाठी राखलेल्या तीन लेनपैकी दोन बंद केल्या. सोमवार, ९ तारीख, शाळेचा पहिला दिवस. स्कूलबस आणि अ‍ॅम्ब्युलन्स अडकल्या, हे शुक्रवार सकाळपर्यंत चाललं. सांगायला कारण होतं 'वाहतुकीचा अभ्यास'. खरं कारण, फोर्ट लीच्या डेमोक्रॅट मेयरने रिपब्लिकन गव्हर्नर क्रिस क्रिस्टी यांना निवडणुकीत पाठिंबा दिला नव्हता. हे बाहेर कसं आलं ते बघण्यासारखं आहे. आधी स्थानिक वृत्तपत्रातल्या वाहतुकीच्या सदरात लोकांच्या तक्रारी आल्या. मग राज्याच्या विधिमंडळ समितीने समन्स काढून कागद मागवले, आणि त्यात गव्हर्नरच्या कार्यालयातल्या बाईंनी खाजगी खात्यावरून पाठवलेला, फोर्ट लीत ट्रॅफिकचा त्रास सुरू करायची वेळ झाली अशा अर्थाचा, एका ओळीचा ईमेल निघाला. समोरून उत्तर: कळलं.

शेवट मात्र तुम्हाला आवडणार नाही. त्या बाईंसह दोघांना शिक्षा झाली, पण २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ती रद्द केली. सत्तेचा दुरुपयोग झाला, पण यातून कोणी पैसा किंवा मालमत्ता लाटायला निघालं नव्हतं, म्हणून केंद्रीय फसवणुकीच्या कायद्यात ते बसत नाही, असा निकाल. क्रिस्टींवर तर आरोपपत्रच नव्हतं.

'हे रिपब्लिकन असेच' असं एडिसनमध्ये कोणी म्हणालं तर त्याला सिनेटर बॉब मेनेंडेझ यांची आठवण द्या. ते डेमोक्रॅट. २०२२मध्ये त्यांच्या घराच्या झडतीत सोन्याच्या लगडी आणि ४ लाख ८० हजार डॉलरहून जास्त रोकड सापडली, त्यातली बरीच पाकिटांत भरून जॅकेटांच्या खिशांत खुपसलेली. जुलै २०२४मध्ये ज्यूरीने, म्हणजे खटल्यात निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, सोळाच्या सोळा आरोपांत दोषी धरलं, जानेवारी २०२५मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली. पण त्याआधी २०१७मध्ये वेगळ्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नव्हतं, आणि २०१८मध्ये याच मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं होतं. आपला तो बाब्या, ही म्हण इथेही दोन्ही पक्षांत तितकीच चालते.

मेनेंडेझ यांच्या जागेसाठी तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्याच पत्नी पुढे आल्या. घराणेशाही आपलीच मक्तेदारी आहे असं वाटत असेल तर ते इकडे यायच्या आधीच सोडून द्या. त्यांच्या विरोधात उभे राहिलेल्या अँडी किम यांनी मतपत्रिकेलाच कोर्टात आव्हान दिलं. राज्यातल्या २१पैकी १९ काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यांसारख्या) पक्षाने पसंत केलेले उमेदवार प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, मतपत्रिकेवर एकाच ठळक रांगेत यायचे आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. त्याला 'काउंटी लाइन' म्हणायचे. मार्च २०२४मध्ये न्यायाधीशांनी ती अडवली, पुढे कायदाही बदलला, आणि किम सिनेटर झाले. मला विचाराल तर तुरुंगवासापेक्षा मोठी बातमी ही. जेलमध्ये एक माणूस गेला, रांग मोडली तेव्हा पक्षांच्या काउंटी अध्यक्षांची किल्लीच गेली.

आता उघडं दार. आपल्याकडे माहितीचा अधिकार फक्त नागरिकाला. न्यू जर्सीतल्या सार्वजनिक कागदपत्रांच्या कायद्याला, 'ओप्रा'ला, तुमचं नागरिकत्व विचारायचं कारण नाही. अर्ज टाउनशिपच्या क्लर्ककडे किंवा शाळा मंडळाच्या सचिवाकडे, बहुतेक ऑनलाइन. सात कामकाजी दिवसांत उत्तर यायला हवं. छापील पान ५ सेंट, लीगल आकाराचं ७, ईमेलने बहुधा फुकट. गफलत होते ती इथे: आरटीआयच्या सवयीने आपण प्रश्न लिहितो, 'अमुक कंत्राट का दिलं?' तो अर्ज जागीच बाद. प्रश्न विचारायचा नाही, कागद मागायचा: अमुक तारखेचा ठराव, अमुक ठेकेदाराची बिलं जानेवारी ते जून. ईमेल हवे असतील तर कोणाचे कोणाला, कुठल्या तारखांमधले, कुठल्या विषयावरचे, हे सगळं लिहा, नाहीतर 'फार मोघम' म्हणून परत. सात दिवस गप्प बसले तर तो नकार धरतात. मग राज्याच्या गव्हर्नमेंट रेकॉर्ड्स कौन्सिलकडे फुकट तक्रार करता येते, किंवा कोर्टात, पण तिथे ४५ दिवसांची मुदत. २०२४मध्ये दोन्ही पक्षांच्या आमदारांनी मिळून हा कायदा बराच बोथट केला आणि डेमोक्रॅट गव्हर्नरने सही केली. जिंकलात तरी वकिलाचा खर्च मिळण्याची हमी आता पूर्वीसारखी नाही. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे कुठे एकत्र येतात ते लक्षात ठेवा.

मुलीची शाळा. इथे माझा सूर कडवट होणार, आधीच सांगतो. प्रवेशाला राहण्याचा पुरावा, जन्मदाखला आणि लसींची नोंद लागते. लसीकरणाचं कार्ड नाशिकच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत, महिन्याचं नाव अक्षरात लिहून आणा. आपण ४/७ म्हणजे चार जुलै लिहितो, इथे तो सात एप्रिल वाचतात, आणि एखादा डोस वेळेआधी घेतलेला दिसून पुन्हा टोचायला सांगतात. व्हिसाचे कागद शाळेला मागता येत नाहीत, एफ-१ या शिक्षणाच्या व्हिसावरचा विद्यार्थी सोडून. तरी काउंटरवरचं माणूस मागतं. शांतपणे नियम सांगा, वाद वरच्याकडे न्या. घरात कुठली भाषा बोलता या फॉर्मवर खरं ते, मराठीच लिहा. त्यावरून इंग्रजीची चाचणी होईल. मुलगी इंग्रजी माध्यमातली असली तरी होईल. निकालाची प्रत मागून घ्या, कारण तिला वर्गातून उठवून वेगळं बसवायला लागले तर पटत नाही म्हणून लेखी नकार देण्याचा हक्क पालकांना आहे आणि तो तुम्हाला आपणहून फारसं कोणी सांगत नाही.

आणि घर बघताना शाळेपासूनचं अंतर मोजा. आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांहून दूर असेल तरच बस देणं शाळांच्या जिल्ह्याला (स्कूल डिस्ट्रिक्टला) बंधनकारक आहे, नववीपासून अडीच मैल. त्याच्या आतली बस ही मेहेरबानी, तिला नावच 'कर्टसी बसिंग'. राज्याची मदत घटली की पहिली कुऱ्हाड तिच्यावर. १.८ मैलांवरचं स्वस्त अपार्टमेंट पाहून हरखून जाऊ नका. मोठ्या रस्त्याला फुटपाथ नसतो आणि सात वर्षांच्या मुलीला जानेवारीत तिथून चालवता येत नाही.

हे ठरतं शाळा मंडळात. सदस्य बहुधा नऊ, बिनपगारी, मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही. पण पॅनेलं पक्षाचीच असतात, चार महिन्यांत तुम्हाला चेहऱ्यावरून कळायला लागेल. मार्चमध्ये कच्चा अर्थसंकल्प, एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जाहीर सुनावणी. मेमध्ये जाऊन उपयोग नाही, बस मार्चमध्येच कापलेली असते. बोलायला कोणालाही मिळतं, बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं. नाव आणि गाव सांगायचं, मतदार आहात का हे विचारत नाहीत. अडचण वेगळीच आहे. २०२३मध्ये मार्लबरो, मनालापन, मिडलटाउनच्या मंडळांनी, मुलाने आपली लिंगओळख बदलली तर शाळेने पालकांना कळवावं असे नियम केले आणि राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने त्यांना कोर्टात खेचलं. बाजू कुठलीही घ्या. असा विषय आला की दोन्हीकडचे लोक फलक घेऊन येतात, टीव्हीचा कॅमेरा येतो, आणि बस, गणिताचा शिक्षक, गळकं छप्पर हे रात्री अकरानंतर रिकाम्या हॉलमध्ये मंजूर होतं. घराच्या करातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांना जातो, भाडेकरू तो भाड्यातून भरतो, आणि त्याच्या हिशेबाला कोणी बसत नाही. हे मला अजून सलतं.

आता बंद दारं. गणपतीच्या कार्यक्रमात मेयर, आमदार येतील, नमस्कार करतील, लाडू खातील. मग कोणी मंडळातलेच काका फोन करतील: साहेबांच्या निवडणुकीसाठी जेवण आहे, ताटामागे अडीचशे डॉलर, चेक द्या. देऊ नका. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाला कुठल्याही निवडणुकीत, अगदी शाळा मंडळाच्याही, देणगी देता येत नाही, आणि जेवणाचं तिकीट ही देणगीच. फुकट राबायला, पत्रकं वाटायला हरकत नाही. 'तुम्ही रोख द्या, चेक मी माझ्या नावाचा फाडतो' असं कोणी म्हणालं तर तो तर सरळ गुन्हा. मुंबईत गोव्याच्या कुटुंबात जन्मलेले दिनेश डिसूझा २०१४मध्ये नेमक्या यातच दोषी ठरले: दुसऱ्यांच्या नावाने एका रिपब्लिकन उमेदवाराला २० हजार डॉलर. हॉटेलवाले संत सिंग चटवाल त्याच वर्षी, त्यांचे १ लाख ८० हजारांहून जास्त, डेमोक्रॅटांना. डिसूझांना २०१८मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली. ते अमेरिकन नागरिक होते. तुमच्यासाठी कोणी माफीपत्र काढणार नाही.

ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयात मतदार नोंदणी आपोआप जोडलेली आहे. तो प्रश्न समोर आलाच तर नको म्हणा, आणि सही करण्याआधी 'मी अमेरिकन नागरिक आहे' हा चौकोन रिकामा असल्याची खात्री करा. खोटा नागरिकत्वाचा दावा हा व्हिसाच्या कायद्यातला जवळपास माफी नसलेला गुन्हा आहे, आणि 'मला कळलं नाही' हे उत्तर पुरत नाही. चुकून नोंद झालीच तर वकील गाठा, काउंटीला लेखी कळवून नाव काढा, आणि पोच जन्मभर जपा, कारण नागरिकत्वाच्या अर्जात कधी नोंदणी केली होती का हे विचारतात. ज्यूरीत बसायला बोलावणारं समन्सही येईल, त्यांच्या याद्या लायसन्स आणि करावरून बनतात. घाबरू नका, फेकूही नका. नागरिक नाही या खुणेसह परत पाठवा. वहिनींच्या नावाने आलं तरी तेच.

सरकार बंद पडलं तर? २०२५मध्ये १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस बंद होतं. इमिग्रेशनचं खातं फीवर चालतं, ते चालू राहतं. पण एच-१बी वाढवायला किंवा नोकरी बदलायला आधी कामगार खात्याने मंजूर केलेली एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींबद्दलचं कंपनीचं निवेदन, लागते, आणि त्यांची यंत्रणा तेव्हा जवळजवळ अख्खा ऑक्टोबर ठप्प होती. एरवी सात कामकाजी दिवसांचं काम. म्हणून मुदत संपायच्या सहा महिने आधी, म्हणजे कायद्याने लवकरात लवकर जेव्हा करता येते तेव्हाच, एलसीए भरायला एचआरच्या मागे लागा. त्यांचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून सप्टेंबरअखेर नोकरी बदलायचा बेत आखू नका.

अर्ज अडकला तर आपल्या भागाच्या काँग्रेस सदस्याच्या (काँग्रेस म्हणजे इथली संसद) कार्यालयात जा. तिथे याच कामाला माणसं ठेवलेली असतात, त्या भागात राहणं पुरतं, मत लागत नाही आणि पक्ष कुठला याने फरक पडत नाही. संमतीचा फॉर्म सही करून द्या, पावतीचा क्रमांक (तीन अक्षरं, दहा आकडे) आणि नेहमीची मुदत कधी उलटली ते दोन ओळींत लिहा. जीवनकहाणी नको. ते चौकशी करतात, निकाल फिरवू शकत नाहीत. माणूस बदलला तर फॉर्म पुन्हा भरा: मेनेंडेझ गेल्यावर २०२४मध्ये न्यू जर्सीची ती जागा चार महिन्यांत दोनदा बदलली.

एकटेपणाचं वहिनींनी विचारलंय. एडिसनमध्ये भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर तो फारसा टिकत नाही. लायब्ररीचं कार्ड काढा, झालं. मला टोचतो तो दुसराच रिकामेपणा. गावातल्या चुकीच्या गोष्टी दिसतात, कागद मिळतो, तीन मिनिटं बोलता येतं, आणि नोव्हेंबरात सगळे मत देऊन येतात तेव्हा आपण पार्किंगमध्ये. तिकडे नाशिकच्या यादीत परदेशस्थ म्हणून नाव फॉर्म ६ए भरून ठेवता येतं, पण मत द्यायला स्वतः तिथल्या केंद्रावर उभं राहावं लागतं. तरी ठेवा, फुकट आहे. दुसरं मूल इथे झालं तर रांगेचा वेग बघता ते कदाचित तुमच्या आधी मत देईल. त्याला मार्चमधल्या अर्थसंकल्पाच्या बैठकीला न्यायला सुरुवात करा, तिथे मुलांनाही बसता येतं.